छातीत धडधड, आणि मार्कशीट कपाटात

मागे चिखलीकडची एक मुलगी आईसोबत ओपीडीत आली. जीएनएम झालेली, पुण्याला एका खासगी हॉस्पिटलात नर्स. छातीत धडधड, रात्र-रात्र झोप नाही, जेवण जात नाही. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड, सगळं नॉर्मल. आईने हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, बाहेरचं काही असंल का?"

बाहेरचं नव्हतं, कागदाचं होतं. दोन वर्षांचा बॉण्ड, मूळ मार्कशीट हॉस्पिटलच्या कपाटात, आणि सोडायचं म्हटलं तर "दीड लाख भर".

सतत धास्ती असली की शरीर ॲड्रेनॅलिन सोडत राहतं. नाडी वाढते, झोप उडते, भूक मरते. हे नाटक नाही. पण यावर मी गोळी तरी कोणती लिहू?

मी वकील नाही, तरी एवढं सांगतो. बॉण्ड फार तर पैसे मागू शकतो, माणसाला कामावर डांबू शकत नाही. आणि करार कायद्याच्या कलम ७४ नुसार कागदावरचा आकडा ही कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला, हे खरं. पण तो निकाल कुणी तोंडावर फेकला तर पुढचंही वाचा. तो अधिकारी पैसे भरून दुसऱ्या बँकेत गेला होता, त्याला कुणी अडवलं नव्हतं. सरकारी बँकेला भरतीची मोठी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, आणि सीनियर मॅनेजरच्या पगारापुढे ती रक्कम राजीनामाच अशक्य करणारी नाही, असं न्यायालयाने पाहिलं. वॉर्डातल्या नर्सच्या पगाराला हेच माप लावून बघा!

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांचा बॉण्ड वेगळा. एक वर्ष सेवा करावी लागते. तिथे शिक्षणावर जनतेचा पैसा लागलेला असतो, आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना डॉक्टर हवाच असतो. त्याला माझा विरोध नाही.

राग आमच्याच धंद्यातल्या लोकांवर आहे. पहिल्या दिवसापासून मुलींना नाईट ड्युटीला जुंपायचं आणि त्याला 'ट्रेनिंगचा खर्च' म्हणायचं. पगार बरा द्या, सुट्टी द्या, मुली कशाला पळतील? मार्कशीट अडकवून ठेवणं म्हणजे तर सरळ ओलीस धरणं.

आईने शेवटी सिकनेस सर्टिफिकेट मागितलं, "मोठा आजार लिहा" म्हणाली. मी नाही दिलं. खोटा कागद उद्या त्या मुलीवरच उलटतो. खरी लक्षणं मात्र केसपेपरवर नीट लिहून दिली.

राजीनामा लेखी द्या, पोच घ्या, नोटीसचे दिवस भरा, मूळ कागद लेखी मागा. बुलढाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि जीव नकोसा वाटत असेल तर वकिलाच्या आधी डॉक्टर गाठा, किंवा टेलीमानसला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.