हेडफोन बिघडला, की कान?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक निवृत्त मास्तर दवाखान्यात आले आणि खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्यांनी खिशातून दोन हेडफोन काढून माझ्या टेबलावर ठेवले. "डॉक्टर, हल्लीचा माल सगळा असाच. डावीकडून आवाजच येत नाही. पहिला गेला म्हणून दुसरा घेतला, तर तोही तसाच. दुकानदार म्हणतो, चांगला वाजतोय, बदलून मिळणार नाही. आता तिसरा कोणता घेऊ, ते तुम्हीच सांगा." पहाटे फिरून आल्यावर तासभर अभंग ऐकायचे, हा मास्तरांचा नेम. तो मोडल्यामुळे ते चिडले होते.

मी त्यांना हेडफोन उलटा घालायला सांगितला. डावा भाग उजव्या कानाला, उजवा डाव्याला. अभंग सुरू केला. मास्तर क्षणभर गप्प झाले. आवाज अजूनही डाव्या कानालाच कमी येत होता! दोन्ही हेडफोन ठणठणीत होते. मास्तरांच्या डाव्या कानात मळाचा घट्ट बोळा बसला होता. तो काढल्यावर काम झाले. "त्या दुकानदाराला उगाच बोललो," असे पुटपुटत मास्तर घरी गेले.

ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी आहे. दुसरी तशी नाही. कॉलेजात शिकणारा एक मुलगा आईबरोबर आला होता. एके दिवशी सकाळी उठल्यावर त्याला उजव्या बाजूचे गाणे ऐकू येईना. इअरफोन बिघडला असे समजून त्याने नवा मागवला. तो यायला आठवडा गेला. नव्यातही तेच, म्हणून तो परत करून आणखी एक मागवला. माझ्याकडे येईपर्यंत महिना उलटला होता. त्याच्या कानात मळ नव्हता, पडदाही नीट होता. आतल्या नसेची ऐकण्याची शक्तीच एकाएकी गेली होती. या आजारात औषधांचा उपयोग पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू केल्यास अधिक होतो. त्या मुलाचे ऐकणे फारसे परत आले नाही. हेडफोनमुळे कान गेला असे मी म्हणत नाही, कारण या आजाराचे नेमके कारण पुष्कळदा सापडतच नाही. पण बिघाड यंत्रात आहे की कानात, हे पाहायला जे एक मिनिट लागते, ते त्याने दिले नाही.

म्हणून वाचकांना पहिली विनंती अशी, की नवा हेडफोन घेण्याआधी जुना उलटा घालून पाहा. कमी आवाजाची बाजू हेडफोनबरोबर बदलली, तर दोष हेडफोनचा. ती त्याच कानाला राहिली, तर दोष कानाचा. कानात बसणारे छोटे इअरबड उलटे नीट बसत नाहीत, ते नुसते कानाशी धरून पाहिले तरी समजते. एका कानाला अचानक ऐकू कमी आले असेल, तर ते मळामुळे की नसेमुळे, हे घरी ओळखता येत नाही. तेल घालून वाट पाहू नये. त्याच दिवशी, नाही तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

दोष हेडफोनचा निघाला, तरी लगेच दुकान गाठू नका. मोबाईलच्या सेटिंगमध्ये आवाजाची पट्टी एका बाजूला सरकलेली नाही ना, ते पाहा. इअरफोनच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीवर कानातला मळ साचतो आणि आवाज अगदी दबतो. कोरड्या मऊ ब्रशने ती साफ करावी. वायरचा हेडफोन असेल, तर वायर बहुधा पिनच्या मुळाशी तुटते. रेडिओ-मोबाईल दुरुस्त करणारा ती डाग देऊन जोडून देतो.

आता समजा, हेडफोन खरोखरच गेला आहे आणि नवा घ्यायचा आहे. इथे माझे मत अनेक पालकांना आणि माझ्या काही व्यवसायबंधूंनाही पटणार नाही. "हेडफोन वाईटच, तो बंद करा," असे आपण मुलांना सांगतो. मुले ऐकत नाहीत, आणि मिळेल तो स्वस्त इअरफोन घेऊन मोठ्या आवाजात ऐकत राहतात. मी म्हणतो, ऐकायचेच आहे तर चांगला हेडफोन घ्या. ज्यातून कमी आवाजात सगळे स्पष्ट ऐकू येते, तो चांगला. आवाजाचा दर्जा ही नुसती चैन नव्हे. कानाचे आरोग्य त्याच्याशी बांधलेले आहे.

हे कसे, ते थोडे समजावून घेऊ. आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचे नसेला समजणाऱ्या संदेशात रूपांतर करणे, हे त्यांच्या जोरावर चालते. फार मोठ्या आवाजाने या पेशी थकतात, आणि वारंवार तसे झाले तर मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बळी पडतात त्या बारीक, तीव्र स्वर टिपणाऱ्या पेशी. स, श, फ ही अक्षरे त्याच स्वरांवर ओळखू येतात. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. दुकानदार 'साठ' म्हणतो, याला 'आठ' ऐकू येते. संगीत ऐकताना त्याला टाळांची किणकिण आणि तानपुऱ्याची जवारी हरवल्यासारखी वाटते. 'हा हेडफोन बसका वाजतो' असे म्हणून तो आवाज वाढवतो, आणि उरलेल्या पेशींवर आणखी भार टाकतो.

किती आवाज चालेल? जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास, अशी मर्यादा सांगितली आहे. डेसिबलचे गणित मात्र फसवे असते. दर ३ डेसिबल वाढले, की आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि ऐकण्याचा वेळ निम्मा करावा लागतो. ८३ डेसिबलला आठवड्याचे २० तास, ८६ ला १० तास, आणि ९० डेसिबलला चारच तास. १०० डेसिबलला उरतात आठवड्याला जेमतेम २० मिनिटे! अनेक मोबाईल पूर्ण आवाजात या आकड्याच्या आसपास जाऊ शकतात. म्हणजे चार-पाच गाण्यांत आठवड्याचा शिधा संपला.

१९७९ साली वॉकमन आला, तेव्हाही कान जातील म्हणून ओरड झाली होती. पण त्या वेळी कॅसेटची एक बाजू अर्ध्या-पाऊण तासात संपे. ती उलटेपर्यंत कानाला विसावा मिळे. सेल उतरले की दिवसभराचा विसावा! आता गाण्यामागून गाणे आपोआप लागते आणि रात्री उशीखालीही ते चालूच असते. विसावा आता आपणच द्यायला हवा.

आपण आवाज का वाढवतो? पुष्कळदा गाणे लहान वाटते म्हणून नव्हे, तर भोवतालचा गोंगाट मोठा असतो म्हणून. एस.टी.च्या खिडकीशी बसलेला प्रवासी इंजिनाच्या वर गाणे चढवतो. म्हणून हेडफोन निवडताना स्वतःला पहिला प्रश्न विचारा, की मी हा कुठे वापरणार?

रात्री शांत घरात ऐकायचे असेल, तर कानात नुसता अडकवायचा साधा इअरफोन किंवा कानावर टेकणारा हलका हेडफोनही चालतो. प्रवासात, माणसांनी भरलेल्या घरात ऐकायचे असेल, तर बाहेरचा आवाज अडवणारा हवा. त्यात दोन प्रकार. एक, कानाच्या भोकात रबरी टोपीने घट्ट बसणारा. दुसरा, गादीने पूर्ण कान झाकणारा. पहिल्या प्रकारात बहुधा लहान, मध्यम, मोठ्या अशा रबरी टोप्यांच्या जोड्या सोबत मिळतात. बरेच लोक बसवून आलेलीच टोपी वापरतात आणि बाकीच्या फेकून देतात. ही मोठी चूक. टोपी सैल असली, की खर्जातला आवाज फटीतून निघून जातो. गाणे पातळ वाटते आणि आपण आवाज वाढवतो. नवा हेडफोन घेण्याआधी टोपी बदलून पाहिली, तर काहींना नवा घ्यावाच लागणार नाही.

'नॉइज कॅन्सलेशन' नावाची सोय असलेले हेडफोन महाग असतात. इंजिन, पंखा यांची सलग घरघर ते बरीच कमी करतात. माणसांची बडबड किंवा अचानक झालेला आवाज तेवढा कमी होत नाही. ज्याला रोज दोन-तीन तास प्रवास आहे, त्याने ऐपत असेल तर हा खर्च जरूर करावा. घरी शांततेत ऐकणाऱ्याला त्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न, चांगला आवाज ओळखायचा कसा? खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर जाऊ नका. '२० ते २०,००० हर्ट्‌झ' हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते. त्यातला कोणता स्वर किती उठतो, हे त्यावरून कळत नाही. आतला पडदा मोठा म्हणजे आवाज चांगला, असेही नाही. शक्य असेल तर दुकानात ऐकून पाहा. नसेल तर मित्राचा, नातेवाइकाचा त्याच जातीचा हेडफोन मागून घ्या आणि कानाला लावण्यापूर्वी पुसून घ्या. वर्षानुवर्षे ऐकलेले, पाठ झालेले गाणे लावा. आवाज निम्म्याच्या खाली ठेवा. आता तबल्याची चाट आणि डग्ग्याची घुमारी वेगवेगळी कळते का? गायकाचा शब्द न् शब्द समजतो का? मागे धरलेला तानपुरा ऐकू येतो का? एवढे कमी आवाजात मिळाले, तर तो हेडफोन तुमचा. 'जादा बास' म्हणून विकल्या जाणाऱ्या हेडफोनपासून मी सावध राहायला सांगतो. अनेकदा त्यात धमधमाटाखाली गायकाचा आवाज दबतो आणि शब्द ऐकण्यासाठी सगळाच आवाज वर न्यावा लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे सोसणे. अर्धा तास घालून बघा. कान दुखला, घाम आला, डोके आवळले, तर आवाज कितीही गोड असला तरी तो रोजच्या वापराचा नव्हे.

हेडफोन घरी आणल्यावर एक साधा नियम पाळा. रात्री शांत खोलीत बसून तुम्हाला सुखाचा वाटेल एवढाच आवाज लावा, आणि पट्टी कुठवर आली ते पाहून ठेवा. बाहेर गेल्यावर त्याच्या फार वर जाऊ नका. एरवीही ६० टक्क्यांच्या आत राहणे बरे. हातभर अंतरावरचा माणूस साध्या आवाजात बोलला आणि तुम्हाला ऐकू आले नाही, तर आवाज बहुधा जास्त आहे. हेडफोन काढल्यावर कानात गुंई असा आवाज येत असेल किंवा दडे बसल्यासारखे वाटत असेल, तर ती कानाने दिलेली सूचना समजा. मुलांच्या मोबाईलमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालण्याची सोय असेल, तर ती वापरा.

काहींनी मात्र हेडफोन टाळलेलाच बरा. ट्रॅक्टर चालवणारे, पिठाच्या गिरणीत काम करणारे, इचलकरंजी-मालेगावकडे यंत्रमागावर उभे राहणारे कामगार खडखडाट ऐकू नये म्हणून इअरफोनवर गाणी लावतात. यंत्रमागाचा आवाजच ९० डेसिबलच्या वर असतो. त्यावर गाणे ऐकायचे, म्हणजे ते त्याहून मोठे लावणे आले. तिथे गाणे नको, कानात घालायचे बोळे हवेत. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, तर कानात बसणारा इअरफोन घालू नये. पावसाळ्यात ओल्या कानात तो घातला, तर बुरशी धरते. दुसऱ्याचा इअरफोन तसाच वापरू नये. टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळवून बसवाव्यात. वाहन चालवताना, रस्ता किंवा रेल्वेचे रूळ ओलांडताना हेडफोन खिशात असावा, हे वेगळे सांगायला नको.

घरातल्या वृद्धांविषयी एक शब्द. आजोबा टी.व्ही.चा आवाज मोठा करतात म्हणून त्यांना हेडफोन आणून देणारी मुले मला भेटतात. घरात शांतता होते हे खरे. पण आजोबांचे ऐकणे किती आणि का कमी झाले आहे, हे त्यातून कळत नाही. आधी एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. बहिरेपणा टाळण्यासाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

आमचे मास्तर परवा बाजारात भेटले. दुसऱ्या हेडफोनला त्यांनी लहान रबरी टोपी लावली आहे आणि अभंगाचा नेम पुन्हा सुरू आहे. "पट्टी निम्म्याच्या वर नेत नाही बरं का, डॉक्टर," असे त्यांनी आपणहून सांगितले. तिसरा हेडफोन घेतला का, असे मी विचारले. "कशाला? दोन चांगले आहेत की," मास्तर म्हणाले आणि आपल्या दोन्ही कानांना हात लावून दाखवला.