पंगत आणि पट

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातून पश्चिमेकडे निघालेल्या ऊसतोड टोळ्यांच्या वाहनांची रीघ लागते. भांडीकुंडी, सरपण, शेळ्या-कोंबड्या आणि सामानाच्या त्या ढिगावर अंगाची जुडी करून बसलेली मुले. पुणे-सोलापूर महामार्गावर यवत ओलांडल्यावर लागणारे भांडगाव आणि त्याच्या आसपासचा दौंड तालुक्याचा पट्टा हे या प्रवासाचे एक मुक्कामस्थान. खडकवासल्याच्या कालव्याने येथे ऊस आणला, उसाने साखर कारखाने आणि गुऱ्हाळे आणली आणि ऊस तोडायला केज, धारूर, पाटोदा, आष्टीकडचे कोयते आले. कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाच्या वहीत कोयत्यांची संख्या असते, दिलेल्या उचलीचा आकडा असतो. मुलांसाठी त्या वहीत रकाना नसतो.

दुसरीही एक वही आहे, आणि ती शासनाची आहे: शाळेचा पट. या वहीत मुलाचे नाव असते. पण ते धारूरच्या किंवा पाटोद्याच्या वहीत. मूल दौंडला, नाव बीडला. दुपारी शाळेत पातेले उतरते तेव्हा या दोन गावांमधील अंतर त्या मुलाच्या पोटाला कळते.

आपल्याकडे शाळेतल्या जेवणासाठी अर्ज करावा लागत नाही, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरली आहे की तिचे मोल ध्यानात येत नाही. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना विचारावे. तेथे २०१४ पासून प्राथमिक शाळेच्या पहिल्या तीन वर्गांतील सर्व मुलांना विनामूल्य जेवण मिळते. त्यापुढच्या वर्गांसाठी मात्र सर्वसाधारण नियम असा की पालकाने अर्ज करायचा आणि आपले उत्पन्न तुटपुंजे असल्याचे दाखवून द्यायचे. पात्र असूनही संकोचाने किंवा अज्ञानाने अर्ज न करणारी कुटुंबे हा तेथील जुनाच प्रश्न आहे. लंडन शहराने २०२३ च्या सप्टेंबरपासून सर्वच सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना जेवण देऊ केले, त्यामागे हाही एक विचार होता. आपण मुळातच पंगतीचा मार्ग स्वीकारला. पंगतीत बसलेल्याला कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही, की गाव विचारत नाही. मंदिराच्या अन्नछत्रात जी रीत, तीच शाळेच्या ओसरीवर आली. निरनिराळ्या जातींची मुले एका रांगेत बसून एकाच पातेल्यातला भात खातात, हे समरसतेचे काम कोणत्याही परिषदेतल्या ठरावापेक्षा मोठे आहे.

ही पंगतही एका दिवसात मांडली गेली नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने योजना सुरू केली तेव्हा अनेक राज्यांप्रमाणे महाराष्ट्रातही शिजवलेले अन्न नव्हते. महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई, तोही ऐंशी टक्के उपस्थिती असेल तर. पिशवी घरी गेली की तांदूळ साऱ्या घराचा होई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक केले, तेव्हा कुठे शाळाशाळांतून चुली पेटल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलाचा हक्क झाला. २०२१ मध्ये योजनेला ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ हे नाव मिळाले. गावात मात्र अजून तिला ‘खिचडी’च म्हणतात. प्राथमिक वर्गातल्या मुलासाठी रोज शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी. एकूण ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. धान्य वेगळे मिळते. डाळ, भाजी, तेल, इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून दर मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत. या रकमेत भाजी कोणती येते हे आमच्या भगिनीवर्गाला सांगायला नको. तरीही त्या तुटपुंज्या पैशांत स्वयंपाकी ताई रोज गरम अन्न वाढतात. या योजनेला नावे ठेवण्याआधी एकदा त्यांच्या चुलीपाशी जाऊन यावे.

मग अडते कोठे? अर्ज नसला तरी हिशेब आहे, आणि हिशेब पटावर चालतो. धान्याची मागणी पटावरून होते, आज किती मुले जेवली याची नोंद शिक्षकाने रोज भ्रमणध्वनीवरून करायची असते. हिशेब नको असे कोणी म्हणणार नाही. पूर्वी कागदावरच जेवणारी मुले काही थोडी नव्हती. परंतु डिसेंबरात शेजारच्या फडातून आठ-दहा मुले दारात उभी राहिली तर दोन शिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकाने काय करावे? माणुसकी म्हणून तो एक वेळ वाढेल, दोन वेळ वाढेल. पुढे नोंदीत न बसणारे तांदूळ त्याच्या अंगावर येतात. २०१७ च्या फेब्रुवारीत या जेवणासाठी आधार क्रमांकाची अट घालणारी अधिसूचना निघाली आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच, आधार नाही म्हणून कोणाला जेवण नाकारले जाणार नाही, असा खुलासा करावा लागला. शासनाचा हेतू वाईट नव्हता. पण हेतू आणि पातेले यांच्यामध्ये कारकून बसलेला असतो.

कायद्यात उणीव आहे असेही नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिले आहे. पाचवे कलम सांगते की जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्यावरून प्रवेश अडवता येणार नाही. महाराष्ट्रात तर मूळ शाळेने मुलासोबत शिक्षण हमी पत्रक द्यावे, अशी सोयही केलेली आहे; ते दाखवले की नव्या गावच्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचे. एके काळी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरत, त्या मागे पडल्या. आजी-आजोबांपाशी गावीच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. ती चांगलीच आहेत, पण टोळी ऑक्टोबरात निघते आणि वसतिगृहाची मंजुरी कधी येते, हे बीडच्या शिक्षकांना विचारावे. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. जे मागे राहते त्याच्यासाठी हे सारे आहे. जे मूल आईबापासोबत ट्रॅक्टरवर चढले, त्याच्या वाट्याला ते पत्रक तेवढे उरते; आणि पहाटे सामान भरण्याच्या धांदलीत ते पत्रक कोण मागणार, कोण देणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ही मुले शाळेत का जात नाहीत याचे उत्तर ‘पालकांना पर्वा नाही’ असे देणे आपल्या सुखवस्तू घरांतून फार सोपे जाते. आई पहाटेच फडात जाते. आठ वर्षांची मुलगी कोपीत राहते, कारण पाळण्यातल्या भावंडाला कोणी तरी हलवायचे असते. म्हणजे थोरलीला शाळेच्या पंगतीत बसवायचे तर धाकट्याला अंगणवाडीत घेतले पाहिजे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलालाही अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क त्याच अन्नसुरक्षा कायद्याने दिला आहे. हे दोन हक्क दोन वेगळ्या खात्यांकडे आहेत. कोपीत मात्र ते एकाच खाटेवर झोपतात.

उपाय अवघड नाही. किती कोयते येणार हे कारखान्याला हंगामापूर्वीच ठाऊक असते, कारण उचल आधीच दिलेली असते. त्याच यादीत प्रत्येक कोयत्यासोबत येणाऱ्या मुलांचे नाव, वय, इयत्ता आणि मूळ शाळा एवढे चार रकाने वाढवावेत आणि ती यादी गाळप सुरू होण्याच्या आत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हाती द्यावी. तिच्यावरून त्या चार-पाच महिन्यांचे धान्य जवळच्या शाळेकडे वळवता येईल. उसाची टिपरी न् टिपरी वजनकाट्यावर मोजणाऱ्या व्यवस्थेला मुले मोजता येणार नाहीत, हे आम्हांला पटत नाही. गुऱ्हाळांवर तर उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबेही असतात. त्यांच्या मुलांना मुकादमाची वहीसुद्धा नाही. त्यांच्याकरिता ग्रामपंचायतीनेच पुढे व्हायला हवे.

पण शासन यादी करील तेव्हा करील. नातवाच्या वाढदिवशी शाळेत गोडाचे जेवण घालण्याची, ज्याला योजनेत ‘तिथी भोजन’ म्हणतात, चांगली प्रथा हल्ली रुजते आहे. त्या दिवशी जिलेबी वाढून झाल्यावर यजमानांनी मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे की शिवारात उतरलेल्या टोळीतली मुले या रांगेत आहेत का. भांडगाव, यवत, वरवंड, पाटस या पट्ट्यातील आमच्या कार्यकर्त्यांना तर अधिक करता येईल. कोप्यांवर दिवसा जाऊ नये, तेथे मोठे माणूस भेटणार नाही, दिवेलागणीनंतर जावे. सोबत कोरी वही न्यावी. मुलाचे नाव, गावची शाळा, इयत्ता लिहून घ्यावी आणि मूळ शाळेतल्या गुरुजींशी तेथूनच दूरध्वनीवर बोलून मुलाची नोंद इकडे मागवावी. यादीची एक प्रत मुख्याध्यापकांना आणि एक दौंडला गटशिक्षणाधिकाऱ्यांना पोचवून पोच घ्यावी. धाकट्यांची नावे अंगणवाडी ताईंकडे द्यावीत. टोळी महिन्या-दोन महिन्यांनी फड बदलते. तेव्हा ती कोणत्या गावाला गेली ते विचारून त्या गावच्या कार्यकर्त्याकडे वही पुढे पाठवावी.