रीलमधली गोळी आणि कायद्यातली गोळी

मध्यंतरी एका रात्री साडेअकराला आत्येभावाने एक रील पाठवली. शिशाची छोटी राखाडी गोळी, वरून हँडल खाली येतं, गोळी स्टीलच्या डायमधून दाबून बाहेर पडते आणि कडेने आरशासारखी चकाकते. बस, एवढंच. खाली मेसेज: "दादा, असला डाय मी लेथवर तासाभरात काढतो. बाहेर दोन-तीन हजाराला विकतायत. करू का?"

भाऊ आयटीआयचा टर्नर आहे, हात चांगला आहे आणि प्रश्न अगदी सरळ मनाने विचारलेला. मी लगेच 'नको' म्हणालो, पण का नको हे मला धड सांगता येईना. म्हणून बसून वाचून काढलं. तुमच्याही फीडमध्ये हे व्हिडिओ येत असतील तर पुढचं वाचाच.

आधी रीलमध्ये चाललंय काय ते बघू. अमेरिकेत बरेच नेमबाज उडवलेल्या काडतुसांची पितळी खोळ फेकून देत नाहीत, घरी पुन्हा भरतात. हे रीलोडिंग. त्यातले काही जण गोळीसुद्धा घरीच ओततात. साच्यातून निघालेली गोळी तंतोतंत मापात नसते; जराशी जाड, कधी किंचित अंडाकृती. ती ठरलेल्या मापाच्या डायमधून दाबून काढणं म्हणजे साइझिंग. .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण ०.३१२ इंचाची, म्हणजे ७.९ मिलिमीटरच्या आसपास. आणि सगळी मारामारी असते इंचाच्या हजाराव्या भागावर, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरवर. डोक्याचा केस याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो! गोळी बारीक पडली तर मागचा तापलेला वायू कडेने निसटतो, शिसं नळीला आतून चिकटतं आणि नेम भरकटतो. जाड झाली तर काडतूस नीट बसत नाही, दाबही वाढू शकतो. टर्नरच्या डोळ्याला यात काय भावलं हे मला कळतं. काम खरंच नाजूक आहे.

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे शिशाची धूळ. ती हाताला, कपड्यांना लागून घरातल्या लहान पोरांपर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. रील करणारा माणूस गुन्हा करत नाहीये. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय बंदूक कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाची खोळ, प्रायमर, गोळी, पावडर असं सगळं येतं. पण परवाना लागतो तो धंदा करणाऱ्याला. स्वतःपुरतं घरी भरणाऱ्याला संघीय कायदा अडवत नाही.

कॅलिफोर्नियात आणखी वेगळं. तिथे १ जुलै २०१९पासून काडतुसं विकत घेताना प्रत्येक वेळी पार्श्वभूमी तपासणी होते. आणि १ जुलै २०२४पासून बंदुका-काडतुसांवर ११ टक्के जादा कर आहे. पण तपासणीच्या या नियमात 'दारूगोळा' म्हणजे भरलेलं काडतूस. सुटी गोळी त्यात येत नाही. म्हणजे घरी भरणाऱ्याला आपोआप एक मागचं दार उघडं राहतं. या तपासणीविरुद्ध कोर्टात गेली कोण, तर किम रोड. हो, तीच सलग सहा ऑलिम्पिकमध्ये पदकं मिळवणारी नेमबाज. जुलै २०२५मध्ये नवव्या सर्किटच्या तीन न्यायाधीशांनी २ विरुद्ध १ अशा मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला, मग राज्य सरकारने मोठ्या खंडपीठाकडे दाद मागितली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरी जोडायच्या बंदुकीच्या किटवरचा नियम ७ विरुद्ध २ मतांनी कायम ठेवला. तिथेही वाद हाच: अर्धवट सुटे भाग म्हणजे बंदूक का?

आपल्याकडे हा वाद घालायला फारशी जागाच ठेवलेली नाही. १९५९चा शस्त्र कायदा उघडा आणि दारूगोळ्याची व्याख्या वाचा. त्यात दारूगोळ्याचे भाग तर आहेतच, पण तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा आहे. म्हणजे शब्दशः वाचलं तर भावाचा तो डाय, ज्यात ना दारू ना शिसं, नुसतं एक गुळगुळीत भोक, तो स्वतःच 'दारूगोळा'! कलम ५ म्हणतं की परवान्याशिवाय दारूगोळा बनवायचा नाही, विकायचा नाही. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१)(अ)ची शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आधी ती तीन ते सात वर्षं होती. मी वकील नाही. पोलीस एका डायवरून लगेच हे कलम लावतील असंही म्हणत नाही. पण ज्या गोष्टीचा तळ सात वर्षं आहे तिथे 'लावणार नाहीत' या भरवशावर कोण बसेल?

'काकांकडे रिव्हॉल्व्हरचं लायसन्स आहे ना,' असंही कुणी म्हणेल. ते लायसन्स बाळगायचं. वर्षाला किती काडतुसं घेता येतील हे त्यावरच लिहिलेलं असतं, आणि ती दुकानातून घ्यायची. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आणि आपल्या पुण्याच्या खडकीतली, बुडावर केएफ छाप असलेली काडतुसं ही जोडी जुनी आहे. घरी भरायची परवानगी त्यात कुठेच नाही.

थोडी सूट आहे, तीही सांगतो. कलम ४५नुसार किरकोळ भाग नुसते जवळ असतील आणि ते इतर भागांना जोडून वापरायचा इरादा नसेल, तर कायदा लागू होत नाही. रिकाम्या खोळीचं किचेन यात बसू शकतं. साचा, डाय आणि शिसं एका खोक्यात ठेवून 'इरादा नव्हता' म्हणणं मात्र अवघड आहे.

बरं, यूट्यूबचं धोरण तरी काय म्हणतं? दारूगोळा कसा बनवायचा हे शिकवणारे व्हिडिओ चालणार नाहीत, असं त्यांच्या नियमात स्पष्ट लिहिलंय. तरी रील दिसतात, कारण वीस सेकंदांत कुणी काही 'शिकवत' नसतं. म्युझिक लावलेलं, धातू चकाकतोय, मशीनच्या नजरेला ती साबण कापायच्या व्हिडिओसारखीच. माझा राग इथे आहे. बघणारा कुठल्या देशात बसलाय हे ॲपला जाहिराती दाखवताना बरोबर माहीत असतं. तेव्हा 'तुमच्याकडे हे चालत नाही' अशी एक ओळ दाखवायला काय जातं?

भावाला हे सगळं व्हॉइस नोटवर सांगितलं. त्याचं पहिलं उत्तर: "म्हणजे ड्रॉइंगपण डिलीट करू?" कर म्हटलं. मग त्याने विचारलं की इतक्या बारीक मापाचा खेळ आपल्याकडे कुठे कायदेशीर आहे का. आहे की. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. त्या .२२च्या काडतुसात प्रायमर कडेतच असतो, त्यामुळे ते परत भरायचा प्रश्नच येत नाही. मोठे नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या नळीतून उडवून बघतात आणि जुळणारा लॉट घेतात. १० मीटर एअर पिस्तूलच्या छऱ्यांचे डबे तर ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असे वेगवेगळे मिळतात. बालेवाडीच्या रेंजवर हे बघायला मिळेल म्हटलं, तर रविवारी येतो म्हणालाय. सोबत स्वतःचं मायक्रोमीटर आणणार आहे.