बॅटरी बदलण्यापूर्वी
सकाळी दुकानाला निघताना मोटारसायकलचे बटण दाबल्यावर केवळ ‘टक्’ असा आवाज आला, की आपण नव्या बॅटरीसाठी धावतो. परंतु शिल्लक संपली म्हणजे तिजोरीच फुटली, असे नव्हे; आवक थांबली आहे काय, हे आधी पाहावे.

प्रथम टर्मिनलवरील पांढरा थर पुसून जोड घट्ट करावेत. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवीत असेल, तर बॅटरी भरलेली समजावी. नंतर किक मारून इंजिनाची गती थोडी वाढवावी. १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाल्यास चार्जिंग ठीक आहे. आकडा वाढतच नसेल, तर स्टेटर, रेग्युलेटर व तारा तपासाव्यात. तो १५ च्या पुढे गेल्यास बहुधा रेग्युलेटर बिघडलेला असतो. अशा गाडीत नवी बॅटरीही फार काळ टिकत नाही.