उपरा कोण? : ऑस्ट्रेलियाचे २०२५ साल

ऑस्ट्रेलियाचे २०२५ हे साल कसे गेले, असा प्रश्न आज आपल्या धर्मग्रामांत विचारला, तर त्याला उत्तर देणारी माणसे दहा वर्षांपूर्वी होती त्याहून कितीतरी अधिक भेटतील. वसईच्या गावांतून, मुंबईच्या उपनगरांतून आणि गोव्यातून आपली मुले मेलबर्न, सिडनी आणि पर्थकडे गेली आहेत. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पावसापाण्याच्या जोडीला आता त्या देशाच्या व्हिसाचे नियमही बोलले जातात. ही चर्चा ऐकताना आम्हांस मात्र एक गोष्ट सतत खटकत आली आहे. आपल्या लोकांच्या लेखी त्या देशाचे सारे वर्ष एकाच तारखेत गोठले आहे, आणि ती तारीख म्हणजे ३१ ऑगस्ट.

त्या रविवारी ऑस्ट्रेलियातील शहरांतून स्थलांतरितांच्या विरोधात मोर्चे निघाले. प्रचाराच्या पत्रकांत भारतीयांचे नाव घेऊन म्हटले होते की, ग्रीक आणि इटालियन शंभर वर्षांत आले नाहीत इतके भारतीय पाच वर्षांत आले. आपल्या घरांतून त्या दिवशी तिकडे किती फोन गेले असतील याची आम्हांस कल्पना आहे. २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हाची भीती पुन्हा जागी झाली. ही भीती खोटी नव्हती आणि तो संतापही अन्यायाचा नव्हता. ज्या देशाने १९०१ साली, संघराज्याच्या जन्माच्याच वर्षी, गोऱ्यांखेरीज इतरांना दूर ठेवणारा कायदा केला. ज्याने बंदरावर उतरणाऱ्या नकोशा माणसाची कोणत्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखनाची परीक्षा घेण्याची युक्ती काढली, आणि १९३४ साली एगॉन किश या बहुभाषी लेखकाला नापास करण्यासाठी चक्क स्कॉटलंडची गेलिक भाषा निवडली. त्या देशाच्या पोटात जुना आजार शिल्लक आहे, हे मानावयास आम्ही तयार आहोत. गंमत एवढीच की ज्या इटालियनांना आज पत्रकावर भले म्हणून मिरविले गेले, त्यांनाही एके काळी याच हीन नजरेने पाहिले गेले होते. आज त्या देशाच्या पंतप्रधानांचे आडनावच इटालियन आहे.

आमचे भांडण आपल्या लोकांच्या अर्ध्या रागाशी आहे. कारण त्याच दिवशी, त्याच मेलबर्न शहरात आणखी एक गोष्ट घडली. काळे कपडे घातलेल्या नवनाझींची एक टोळी किंग्ज डोमेन या उद्यानातील ‘कॅम्प सॉव्हरिन्टी’ या आदिवासींच्या तळावर चालून गेली आणि तेथील माणसांना तिने मारहाण केली. त्या जागी अडतीस आदिवासींच्या अस्थी १९८५ साली पुन्हा मातीत विसावल्या आहेत. तेव्हा ‘परत जा’ असे भारतीयांना सांगणाऱ्या मोर्चाचाच एक भाग अशा लोकांच्या अंगावर धावला की ज्यांना परत जावयास दुसरी जागाच नाही. जे त्या भूमीवर किमान पन्नास हजार वर्षे राहत आले आहेत. ह्या एका घटनेने त्या साऱ्या घोषणांचा पोकळपणा उघडा पडला. परंतु आपल्याकडे पत्रकाची चर्चा झाली; तळावरील हल्ल्याची बातमी कोणी कोणाला सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हे मौन त्या दिवसाचेच असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण १४ ऑक्टोबर २०२३ रोजीही ते असेच होते. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाने आपल्या राज्यघटनेत आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी यांच्या एका मंडळाला स्थान द्यावे की नाही, यावर सार्वमत घेतले. मंडळ केवळ सल्ला देणारे होते. त्याला कायदा रोखण्याचा अधिकार नव्हता आणि तिजोरीची किल्ली नव्हती. आपल्याविषयी कायदा करताना आपल्याला एकदा विचारा, एवढीच ती मागणी होती, आणि २०१७ साली उलुरू येथे जमलेल्या आदिवासी प्रतिनिधींनी ती सौम्य शब्दांत मांडली होती. शंभरांतील साठ मतदारांनी नाही म्हटले. सहाही राज्यांनी नाही म्हटले. होकार आला तो फक्त राजधानीच्या प्रदेशातून. ‘ठाऊक नसेल तर नाही म्हणा’ ही विरोधकांची घोषणा होती. अज्ञान हेच मत देण्याचे कारण म्हणून पुढे करणारी याहून निर्लज्ज घोषणा लोकशाहीच्या इतिहासात शोधावी लागेल. १९६७ साली याच देशाने नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी आदिवासींना जनगणनेत मोजण्यास मान्यता दिली होती. मोजून घ्यावयास देश तयार झाला, ऐकून घ्यावयास नाही.

यावर आपल्या तिकडच्या बांधवांचे उत्तर ठरलेले आहे. ‘आम्ही तर काल आलो. गोऱ्यांनी दोनशे वर्षांपूर्वी जे केले त्यात आमचा काय वाटा?’ वरवर पाहता हे बोलणे रास्त वाटते. परंतु आम्ही वसईकरांना एक विचारतो. आपल्याकडे कोणी जमिनीचा तुकडा घेतो तेव्हा तो सातबारा पाहिल्यावाचून इसार देतो काय? मूळ मालक कोण, कुळाचा हक्क होता काय, फेरफार कसा झाला, हे तलाठ्याच्या दप्तरातून तीनदा तपासले जाते. कारण चोरीची वस्तू विकत घेणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियाचा सातबारा ३ जून १९९२ रोजी तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने उघडून दाखविला. ही भूमी कोणाचीच नव्हती म्हणून आम्ही ती घेतली, हे दोनशे वर्षांचे म्हणणे एडी माबो नावाच्या बेटवाशाच्या दाव्यात असत्य ठरले. माबो यांना निकाल ऐकता आला नाही. ते त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. मेलबर्नच्या टार्नीटमध्ये किंवा पॉइंट कुकमध्ये हप्त्यांवर घर घेणारा आपला मुलगा चोर नाही. पण घराखालच्या जमिनीचा फेरफार कसा झाला हे जाणून घेण्याचे त्याने नाकारावे, आणि वर त्याच देशात आपणांस उपरे म्हटले म्हणून रडावे, हे दोन्ही एकत्र शोभत नाही.

ख्रिस्तसभेलाही या दप्तरातून वगळता येणार नाही. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून जेथे ठेवले गेले त्यांत मिशनांची वसतिगृहेही होती. १९९७ च्या सरकारी चौकशी अहवालाने ते सारे नोंदवले आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत क्षमा मागितली. त्याच्या कितीतरी आधी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी अॅलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींसमोर स्पष्ट केले होते की, त्यांनी आपले योगदान दिल्याशिवाय आणि इतरांनी ते आनंदाने स्वीकारल्याशिवाय ऑस्ट्रेलियातील ख्रिस्तसभा येशूला अभिप्रेत आहे तशी पूर्ण होणार नाही. वाडेय आणि तिवी बेटे ही जुनी कॅथलिक मिशने. २०२३ च्या सार्वमतात तेथील मतपेट्यांतून दहांतील आठ-नऊ मते होकाराची निघाली. म्हणजे त्या दिवशी आपलेच धर्मबांधव हात पुढे करून उभे होते. शहरातील भरल्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी किती प्रार्थना झाल्या, हे तिकडच्या आपल्या कुटुंबांनी स्वतःस विचारावे.

राजकारण कसे फिरते ते पाहण्यासारखे आहे. सार्वमताच्या विरोधी प्रचाराचा चेहरा होत्या जसिंटा प्राइस, ज्या स्वतः आदिवासी आहेत. त्यांच्या विरोधाने अनेकांना, त्यांत आपल्यापैकीही काहींना, निश्चिंत मनाने नकार देता आला. त्याच बाईंनी सप्टेंबर २०२५ मध्ये असे सुचविले की मजूर पक्षाला मते मिळतात म्हणून सरकार भारतीयांना आणते. मग मात्र आपल्याकडे गहजब झाला. त्यांनी क्षमा मागितली नाही आणि त्या वेळच्या विरोधी पक्षनेत्या सुझन ली यांनी त्यांना आपल्या चमूतून दूर केले. दुसऱ्याच्या दारात टाकलेला विस्तव वाऱ्याने आपल्या गवतावर येतो तो असा.

आपल्या लोकांची दुसरी पळवाट याहून आम्हांस अधिक झोंबते. ‘आम्ही कायद्याने आलो, कर भरतो, रुग्णालये चालवतो, आम्ही त्या होड्यांतून आलेल्यांसारखे नाही.’ परिचारिका, अभियंते, लेखापाल म्हणून आपली मुले तिकडे मान मिळवतात याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु आपली पात्रता सिद्ध करण्यासाठी दुसऱ्याला अपात्र ठरविण्याची गरज का भासावी? नाऊरू हे एकवीस चौरस किलोमीटरचे बेट. तेथील फॉस्फेट परकीयांनी खरवडून नेले आणि २००१ पासून ऑस्ट्रेलियाने आपले नकोसे आश्रयार्थी तेथे ठेवण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याला कोणत्याही देशात परत पाठविण्याची वास्तव शक्यता नाही, त्याला बेमुदत कोंडून ठेवता येत नाही. यावर सरकारने शोधलेला उपाय म्हणजे ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस नाऊरूशी केलेला करार : आरंभी सुमारे चाळीस कोटी डॉलर आणि पुढे दरसाल सात कोटी. त्या माणसांपैकी काहींनी गंभीर गुन्हे केले होते, हे लपविण्याचे कारण नाही. पण त्यांनी शिक्षा भोगलेली होती. हा करार आणि तो मोर्चा एकाच आठवड्यातले आहेत. मोर्चाचा निषेध आपण केला, कराराचा नाही. नाताळात हेरोदाच्या भीतीने मिसरात पळणाऱ्या कुटुंबाचा देखावा आपण घरोघरी मांडतो. योसेफाजवळ कोणती कागदपत्रे होती, हे कोणी विचारत नाही.

त्या देशाचे चांगले ते सांगण्यास आम्ही कृपण नाही. ३ मे २०२५ च्या निवडणुकीत अँथनी अल्बानीज यांच्या मजूर पक्षाने १५० पैकी ९४ जागा जिंकल्या आणि विरोधी नेते पीटर डटन यांना स्वतःची जागाही राखता आली नाही. मतदान तेथे सक्तीचे आहे. आपल्याकडे मतदानाच्या सुटीला जोडून सहलीला जाणाऱ्यांनी त्याकडे पाहावे. १० डिसेंबरपासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद झाली. हे कितपत साधेल ते साधो, पण आईबापांच्या वतीने बलाढ्य कंपन्यांसमोर उभे राहण्याचे धाडस एका सरकारने केले. २१ सप्टेंबर रोजी पॅलेस्टाइनला मान्यता दिली. त्याआधी ३ ऑगस्टला पावसात सिडनीच्या पुलावरून चाललेल्या लोकसमुदायाने ती जवळ आणली, असे आमचे मत आहे.

पण याच देशाने अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांसाठी तीन दशकांत ३६८ अब्ज डॉलरपर्यंतचा खर्च अंगावर घेतला आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वायव्य किनाऱ्यावरील वायुप्रकल्पाला २०७० पर्यंत मुदतवाढ दिली. दुसऱ्या हाताने, समुद्र चढत असलेल्या तुवालूच्या लोकांना वर्षाला २८० जागा. अकरा हजारांच्या आत-बाहेर वस्तीच्या त्या देशातून पहिल्या सोडतीसाठी आठ हजारांहून अधिक नावे आली. आणि यातही भारताचा हात स्वच्छ नाही : क्वीन्सलँडमधील अदानींच्या कोळसा खाणीसाठी २०१९ साली त्या राज्याच्या सरकारने वांगान आणि जागालिंगू लोकांचा काही जमिनीवरचा पारंपरिक हक्क संपुष्टात आणला, त्यांच्यातील एका गटाने शेवटपर्यंत विरोध केला. आपण उपरे म्हणून हिणवले जात असताना आपलेच भांडवल मूळ मालकाला बेदखल करीत होते.

डिसेंबरच्या १४ तारखेने हे वर्ष रक्तात बुडविले. बाँडायच्या किनाऱ्यावर ज्यूंच्या हनुक्का सणात दोघा बापलेकांनी गोळीबार करून पंधरा माणसे मारली. त्यांत दहा वर्षांची एक मुलगी होती. १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर बंदुका परत घेणाऱ्या देशात हे घडले. बाप मूळचा हैदराबादचा निघाला. आपल्या लोकांच्या पोटात गोळा आला तो आता सारे आपल्याकडे संशयाने पाहतील म्हणून. ते साहजिक आहे. परंतु एका हल्लेखोराच्या हातून बंदूक हिसकावणारा निःशस्त्र माणूस सीरियातून आलेला मुसलमान दुकानदार होता. तेव्हा कोणत्या देशातून कोण आला याचे कोष्टक त्या संध्याकाळी निरुपयोगी ठरले.

ज्यूंचा प्रश्न निघाला म्हणून सांगतो. जर्मनीत नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची घरे आणि सभास्थाने फोडली गेली, तेव्हा ६ डिसेंबर रोजी मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर निषेधपत्र घेऊन चालत गेलेल्या माणसांचा पुढारी होता विल्यम कूपर, वय सत्तरीच्या पुढे, आदिवासी. ज्याला स्वतःच्या भूमीत जनगणनेतही स्थान नव्हते तो दूरच्या, न पाहिलेल्या लोकांसाठी गेला. वकिलातीने पत्र घेतले नाही.

आमच्या या लिहिण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे : पालघर जिल्ह्यातील वारली, कातकरी यांच्या जमिनींविषयी आपण इथे किती बोलतो? फारच थोडे. हरित वसईच्या लढ्यात बिल्डरांसमोर उभे राहिलेल्या समाजाला जमीन जाणे म्हणजे काय हे शिकवावे लागू नये, तरी लागते.

तिकडे मात्र एक संधी तारीख घेऊन आली आहे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळाने आदिवासींशी कराराचा कायदा संमत केला. त्या देशातील असा हा पहिलाच. सार्वमतात हरलेली गोष्ट एका राज्यापुरती का होईना, उभी राहिली. विरोधी पक्षाने सत्ता मिळाल्यास हा कायदा रद्द करू असे जाहीर केले. राज्याची निवडणूक २८ नोव्हेंबर २०२६ ची. टार्नीट आणि पॉइंट कुक याच राज्यात आहेत, आणि तेथल्या मतदारयाद्यांत आपली आडनावे आहेत.