सुरीला धार नाही, तरी बोट कापलं?



सोयाबीनची काढणी सुरू झाली की आमच्या सास्तूर परिसरात विळ्याच्या जखमा वाढतात. पण स्वयंपाकघरातल्या जखमा बारा महिने येतात. डाव्या हाताची तर्जनी नाहीतर अंगठा, वर फडकं गुंडाळलेलं आणि त्याखाली हळद. "कशानं कापलं?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "सुरीला धारच न्हाई की ओ डॉक्टर, तरीबी कापलं!"

माझं म्हणणं असं आहे, की धार नव्हती म्हणूनच कापलं.

मधुमेह असलेल्या एक मावशी लाल भोपळा चिरताना बोट कापून घेऊन आल्या, त्याही चौथ्या दिवशी. मधुमेहामुळे बोटं बधिर होती, म्हणून दुखणं फारसं जाणवलं नव्हतं. तोवर पू झाला होता. घरात नातवंडं आहेत म्हणून त्यांनी कित्येक महिने सुरीला मुद्दाम धार लावली नव्हती. हेतू चांगला होता, उपाय मात्र उलटा होता. मुलांपासून जपायचं तर सुरी उंचावर, बंद खणात ठेवा. बोथट ठेवू नका.

बोथट सुरी का घातक?

धारदार पातं हलक्या हातानं आत जातं. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो. टोमॅटोची साल गुळगुळीत, भोपळ्याची टणक. पातं रुतत नाही, घसरतं आणि सगळा जोर धरलेल्या बोटांवर येतो. अशा जखमेच्या कडा चेचलेल्या असतात, नीट जुळत नाहीत आणि भरायला वेळ लागतो. कांदा चिरतानाही बोथट सुरी तो चिरण्याऐवजी चेचते, म्हणून डोळ्यांना पाणी जास्त येतं.

धार लावायची कशी?

सायकलवर चाक घेऊन फिरणारे धारवाले किंवा गावातले लोहार यांच्याकडे विळी, कोयता, अडकित्ता अशी जाड हत्यारं जरूर द्या. विळीचं पातं पाटाला बसवलेलं असतं. तिच्यावर दगड फिरवताना बोटं थेट धारेवर येतात, म्हणून ते काम घरी करू नये असं माझं मत आहे. चाक फिरत असताना मुलांना जवळ उभं करू नका. ठिणगीतला कण डोळ्यात गेला तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि खुपत राहिला तर दवाखाना गाठा.

वर्कशॉपमधल्या ग्राइंडरवर घरची पातळ सुरी नेऊ नका. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं आणि मग धार टिकत नाही.

खाचेतून सुरी ओढायचं छोटं धारयंत्र सोपं असतं. ते पातं जरा जास्त खरवडतं, पण ज्यांना दगड जमत नाही त्यांनी वापरायला हरकत नाही. फक्त मूठ भक्कम आणि बोटं खाचेपासून लांब राहतील असंच घ्या. पाट्याच्या कडेवर किंवा पायरीवर घासून काम भागतं, पण धार वेडीवाकडी येते.

घरच्या सुरीसाठी माझी पसंती दुहेरी दगडाला, म्हणजे एक बाजू खरखरीत आणि दुसरी मऊ असलेल्या. वर्षानुवर्षं टिकतो आणि पातं कमी झिजतं.

दगडाखाली ओलं फडकं ठेवा, म्हणजे तो सरकणार नाही. आधी खरखरीत बाजू घ्या आणि दगडावर पाणी घाला. कोन असा धरा: सुरी उभी धरा, तिथून निम्मी वाकवा, पुन्हा निम्मी वाकवा. हा साधारण 20 अंशांच्या आसपासचा कोन झाला. मग पाठ पुढे आणि धार मागे ठेवून पातं दगडावरून सरकवा. दोन्ही बाजूंना सारखे हात द्या. शेवटी मऊ बाजूवर हलक्या हातानं थोडे हात द्या. अंगठा फिरवून धार बघायची सवय सोडा. कागद सरळ कापला गेला की झालं. धातूची भुकटी अन्नात जाऊ नये म्हणून सुरी धुऊन पुसा. ज्यांचे हात थरथरतात, नजर कमी आहे किंवा बोटं बधिर आहेत, त्यांनी हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगावं.

दातेरी हत्यारांना दगड लावू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा आपल्याकडेही दिसतो, तोही दातेरीच आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. धार लावली की घरात सगळ्यांना सांगा. जुन्या सवयीनं जोर लावला की नव्या धारेनं पहिल्याच दिवशी कापतं.

कापलंच तर?

वाहत्या पाण्यानं धुवा. स्वच्छ कापडानं सलग 10 मिनिटं दाबून धरा, मधे उघडून बघू नका. हात उंच ठेवा आणि अंगठी लगेच काढा. हळद, चुना, तंबाखू, कॉफी काहीही भरू नका. त्यानं जखम अस्वच्छ होते आणि आम्हाला आतलं दिसत नाही. दोरीनं बोट आवळू नका.

रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल, बोटाचं टोक वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी या. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर लहान जखमही दाखवा. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती-शेणात असतात. लहानपणचे डोस पूर्ण झालेले असतील, तर स्वच्छ किरकोळ जखमेत शेवटच्या इंजेक्शनला 10 वर्षं आणि मातीच्या किंवा खोल जखमेत 5 वर्षं झाली असतील तेव्हा पुन्हा घ्यावं लागतं. डोस आठवतच नसतील तर तसं डॉक्टरांना सांगा. प्रत्येक ओरखड्याला इंजेक्शन लागत नाही.

आज जेवण झाल्यावर घरातली सुरी घ्या आणि एक पिकलेला टोमॅटो चिरून बघा. जोर लावावा लागला तर या आठवडी बाजारात भाजीबरोबर एक दगडही आणा.