आठ प्रश्नांचा साचा

विषय जरा तांत्रिक आहे, पण नातेवाइकांनी लगेच पळू नये. यात अक्काही आहे.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने नेरूळला येऊन माझ्या संगणकावर ईमॅक्स बसवून दिले आणि त्यातला ऑर्ग मोड शिकवला. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली तो लिहायला घेतला. त्यातली ‘कॅप्चर’ ही सोय मला फार आवडते. मी तिला टाचण म्हणते. हातातले काम न मोडता दोन कळा दाबायच्या, खिडकी उघडते, लिहून ती मिटली की नोंद ठरल्या फाइलीत जाऊन बसते. खिडकीत आधीपासून काय असावे, तो साचा आपण करायचा.

इथेच माझ्यातली बाई जागी झाली! वर्षानुवर्षे पाठ टाचण लिहिलेले. दिनांक, इयत्ता, घटक, उपघटक, उद्दिष्टे, साहित्य... रकाना रिकामा राहिला की वही परत. तसाच साचा मी अक्काच्या आठवणींसाठी केला. विषय, व्यक्ती, गाव, साल असे आठ प्रश्न. आणि ऑर्ग मोड हे प्रश्न एकेक करून विचारतो, ते संपेपर्यंत लिहू देत नाही.

अक्का ८६ वर्षांची. गेल्या महिन्यात फोनवर आजीची जात्यावरची ओवी म्हणू लागली, घरातल्या सगळ्या सुनांची नावे गुंफलेली. मी म्हटले, “थांब गं, साल कुठलं?” ती म्हणाली, “मला काय ठाऊक! तू फ्रॉकात होतीस.” तिसऱ्या प्रश्नाला म्हणाली, “तुझं झालं की सांग.” माझे झाले तेव्हा तिला पुढचे आठवेना. त्यानंतर चारदा विचारले, दर वेळी दुसरेच काहीतरी म्हणते.

तेव्हापासून माझे मत पक्के आहे. माणूस बोलत असताना उघडायच्या साच्यात दोनच गोष्टी हव्यात. टक्का आणि कॅपिटल यू, म्हणजे तारीख-वेळ आपोआप पडते. आणि टक्का-प्रश्नचिन्ह, म्हणजे कर्सर तिथे उभा राहतो. बस्स. वर्गवारी रात्री करावी. कंट्रोल-सी, कंट्रोल-डब्ल्यू दाबून नोंद हव्या त्या मथळ्याखाली हलवता येते. भाचा म्हणतो, “मावशी, रकाने नसले तर पुढे सापडणार कसं?” रक्तदाबाच्या नोंदींसाठी त्याचे ऐकले, तिथे प्रश्न ठेवलेत. यंत्रावरचे आकडे थांबतात हो, अक्का थांबत नाही.

जाता जाता, मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. संगणकाचा इनस्क्रिप्ट कळफलक चालू असेल तर सी दाबल्यावर ‘म’ उमटतो आणि साचा उघडतच नाही. त्याऐवजी ईमॅक्समधलाच देवनागरी इनस्क्रिप्ट घ्यावा. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की तो चालू-बंद होतो, आज्ञाही बिघडत नाहीत. हे कळायला मला पंधरा दिवस लागले.

असो. रविवारी अकराला अक्काचा फोन असतो. पुन्हा विचारणार आहे, पण या वेळी फक्त सुनांची नावे.